प्राण्यांच्या ऊतींची स्लाइड: ठाणे-नवी मुंबईत हिस्टॉलॉजी शिकायला लागलेल्यांसाठी

केंद्रके धूसर दिसली, आतड्याचे पापुद्रे सुटून आले, रंग फिका पडला की नवशिक्याचा पहिला संशय हेमॅटॉक्सिलिनच्या, म्हणजे केंद्रके रंगवणाऱ्या रंगाच्या, बाटलीवर जातो. बहुतेक वेळा बाटली निर्दोष असते. बिघाड झालेला असतो दोन दिवस आधी, अवयव शरीराबाहेर काढल्यावरच्या पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत, आणि पुढचे कोणतेही रसायन तो दुरुस्त करू शकत नाही. या लेखात रंगवण्यापेक्षा त्याआधीच्या कामावर जास्त ओळी खर्च झाल्या आहेत त्या यामुळेच.

ऐरोली, रबाळे, नेरूळ, खारघर, कामोठे या पट्ट्यात रुग्णालयांशी जोडलेली महाविद्यालये आहेत, टाटा मेमोरियल सेंटरचे खारघरचे अ‍ॅक्ट्रेक आहे, ठाणे-बेलापूर रस्त्यालगत औषध कंपन्या आणि चाचणी प्रयोगशाळा आहेत. एमएस्सीचा प्रकल्प, जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) किंवा पहिली नोकरी म्हणून इथे येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तयार स्लाइड पाहिलेली असते, केलेली नसते. पुढची पद्धत माऊस आणि रॅटच्या ऊतींसाठी आहे: फॉर्मलिन, पॅराफिन आणि हेमॅटॉक्सिलिन-इओसिन, म्हणजे लॅबच्या बोलीत एच अँड ई.

१. आधी परवानगी, मग प्राणी

प्राण्यांवरचा प्रयोग नोंदणीकृत संस्थेतच करता येतो. १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८चे प्रयोगांसंबंधीचे नियम यांखाली सीसीएसईए ही केंद्रीय समिती काम करते. जुन्या कागदांवर तिचे नाव सीपीसीएसईए असे सापडेल. तुमचा प्रस्ताव संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीपुढे, म्हणजे आयएईसीपुढे, ‘फॉर्म बी’मध्ये जातो.

हे कागद हाताशी ठेवा:

- आयएईसीच्या मंजुरीचे पत्र आणि प्रस्तावाचा क्रमांक. हा क्रमांक ब्लॉकच्या, म्हणजे पॅराफिनमध्ये बसवलेल्या ऊतीच्या, नोंदवहीतही उतरवायचा असतो.
- मंजूर प्रस्तावाची प्रत: प्राण्यांची संख्या, लिंग, वंश, गट, वेदनारहित मृत्यूची पद्धत.
- प्रत्येक प्राण्याचा क्रमांक, गट, वजन आणि नेक्रॉप्सीची, म्हणजे मृत प्राणी उघडून अवयव काढण्याची, वेळ यांचा तक्ता.
- कोणते अवयव घ्यायचे आणि कोणत्या द्रावणात ठेवायचे याची यादी.
- हिस्टॉलॉजी विभागाचा मागणी अर्ज. तुमची संस्था काम बाहेर देत असेल तर हा अर्ज आधीच भरून पाठवा.

यातला सापळा असा: अभ्यास सुरू झाल्यावर ‘हाडही घेऊन टाकू’, ‘मेंदूही पाहू’ असे सुचते. मेलेल्या प्राण्याचा आणखी एक अवयव घेणे किरकोळ वाटते, पण मेंदूसाठी परफ्युजन (रक्तवाहिन्यांतून द्रावण सोडणे) करायचे तर प्राणी भुलीखाली असतानाच ते करावे लागते. ती वेगळी प्रक्रिया आहे आणि ती मंजूर प्रस्तावात लिहिलेली असली पाहिजे. अवयवांची यादी परवानगीच्या टप्प्यावरच पक्की करा.

सरावासाठी प्राणी वापरू नका. मटणाच्या दुकानातून आणलेली शेळीची कलेजी आणि गुर्दा कापणी, प्रोसेसिंग (ऊतीतले पाणी काढून पॅराफिन भरणे) आणि रंगवण्याचा हात बसवायला पुरेसे आहेत. ऊती थोडी शिळी असेल, म्हणून तिच्यावरून सूक्ष्म रचनेचे निष्कर्ष काढू नका. हात बसल्यावरच अभ्यासातल्या ब्लॉकला ब्लेड लावा. त्या ब्लॉकमागे एक जीव गेलेला असतो आणि तो परत मागता येत नाही.

२. सामान

रुंद तोंडाच्या, घट्ट झाकणाच्या बरण्या, प्रोसेसिंग कॅसेट आणि साधी पेन्सिल, धारदार नवी ब्लेड, दातेरी नसलेले चिमटे, फॉर्मलिन, अल्कोहोल, झायलीन, ५८ ते ६० अंश सेल्सिअसला वितळणारे पॅराफिन, कव्हरस्लिप चिकटवणारे डीपीएक्स, नायट्राइलचे हातमोजे.

अल्कोहोलबद्दल आधीच चौकशी करा. अ‍ॅब्सोल्यूट इथेनॉलची खरेदी आणि साठा यांना राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी लागते, आणि संस्थेचा साठा संपलेला असेल तर काम आठवडेच्या आठवडे अडते. पुष्कळ प्रयोगशाळा त्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. पाणी काढण्यासाठी ते उत्तम चालते आणि लहान ऊती त्यात कमी कडक होतात. मात्र एकाच अभ्यासात अर्धे नमुने एकात आणि अर्धे दुसऱ्यात, असे करू नका.

पेन्सिलीचा आग्रह का, तर पेनाची आणि साध्या मार्करची शाई अल्कोहोल-झायलीनमध्ये धुऊन जाते. नाव पुसलेली कॅसेट कचऱ्यात टाकावी लागते.

मास्कविषयी गैरसमज फार आहे. साधा मास्क किंवा एन-९५ फॉर्मलिनची वाफ अडवत नाही. त्यासाठी फ्यूम हूड किंवा रासायनिक कार्ट्रिजचा रेस्पिरेटर लागतो. फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या, म्हणजे आयएआरसीच्या पहिल्या गटात आहे. खिडकी उघडी ठेवून टेबलावर अवयव कापत बसणे हे घातक आहे, मग विभागात ती जुनी पद्धत का असेना.

३. फॉर्मलिन स्वतः बनवा, नीट बनवा

दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन, एक लिटरसाठी:

- बाजारात मिळणारे ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइड: १०० मिली
- डिस्टिल्ड पाणी: ९०० मिली
- सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट, मोनोहायड्रेट: ४ ग्रॅम
- डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट, निर्जल: ६.५ ग्रॅम

फॉस्फेटच्या बाटलीवरचे लेबल वाचल्याशिवाय वजन करू नका. आपल्याकडे डायसोडियम फॉस्फेट बहुधा डायहायड्रेट रूपात मिळते. ते असेल तर ८.१५ ग्रॅम घ्या. डोडेकाहायड्रेट असेल तर सुमारे १६.४ ग्रॅम लागते. लेबल न पाहता ६.५ ग्रॅम टाकले की बफर कमकुवत होतो. पीएच ६.८ ते ७.२ यांच्या मध्ये आला पाहिजे. मीटरने मोजा आणि बाटलीवर तारीख लिहा.

बफर नसलेले फॉर्मलिन काही दिवसांत आम्ल होते. मग प्लीहा, यकृत, फुप्फुस अशा रक्ताळ अवयवांत तपकिरी-काळे कण दिसू लागतात. ते फॉर्मलिन पिगमेंट असते. नवशिके त्याला हिमोसिडरिन (ऊतीतला लोहाचा साठा) किंवा औषधाचा साठा समजतात आणि निष्कर्षातही लिहून मोकळे होतात. पर्ल्सच्या रंगाने हिमोसिडरिन निळे होते, फॉर्मलिन पिगमेंट होत नाही. शंका आली तर ही चाचणी करा.

आता प्रमाण. ऊतीच्या आकारमानाच्या किमान १० पट, शक्य तर २० पट फॉर्मलिन हवे. माऊसचे यकृत साधारण दीड ग्रॅमचे, म्हणजे त्याला ३० मिली. रॅटचे दहा-बारा ग्रॅमचे, त्याला २०० मिलीच्या वर. सगळे अवयव ५० मिलीच्या एकाच नळीत कोंबणे ही या क्षेत्रातली सर्वांत जास्त केली जाणारी आणि सर्वांत महाग पडणारी काटकसर आहे. वरून अवयव पांढुरके, कडक दिसतात. आत मधोमध ऊती स्वतःच्याच विकरांनी विरघळत राहते.

फॉर्मलिन सुरुवातीला तासाला अंदाजे एक मिलिमीटर आत शिरते आणि पुढे त्याचा वेग मंदावतो. शिवाय नुसते शिरणे पुरेसे नाही. प्रथिनांना बांधून घेण्याच्या रासायनिक क्रियेला, म्हणजे फिक्सेशनला, चोवीस तास तरी लागतात. तीन-चार मिलिमीटर जाडीचे काप आणि सामान्य तापमानाला २४ ते ४८ तास, हा नियम पाळा. ‘सकाळी टाकले, संध्याकाळी प्रोसेसरला लावले’ यातून निघणारी ऊती खरे तर निम्मी फॉर्मलिनने आणि निम्मी प्रोसेसरमधल्या अल्कोहोलने फिक्स झालेली असते. कडा एक दिसतात, गाभा वेगळा. दुसऱ्या टोकाला, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (प्रतिपिंडाने ठरावीक प्रथिन रंगवणे, पुढे ‘इम्युनो’) करायची असेल तर नमुने आठवडे-महिने फॉर्मलिनमध्ये पडू देऊ नका. ४८ तासांनंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा.

फॉर्मलिनमधली बरणी फ्रीझरमध्ये कधीही ठेवू नका. बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात आणि ऊतीला भोके पडतात.

४. नेक्रॉप्सी: घड्याळ चालू आहे

मृत्यूनंतर लगेच उघडा. सर्वांत आधी नासणारे अवयव सर्वांत आधी घ्या: आतडे, स्वादुपिंड, अ‍ॅड्रिनल, डोळे. यकृत-मूत्रपिंड थोडे थांबू शकतात, त्वचा आणि स्नायू आणखी थोडे. मे महिन्यात एसी बंद पडलेल्या खोलीत आतड्याच्या विलायचे, म्हणजे आतल्या बोटांसारख्या उंचवट्यांचे, टोक दहा-पंधरा मिनिटांत सुटू लागते. एकट्याने एका दिवसात वीस रॅट उघडू नका. दोघे असा: एक काढेल, दुसरा कापून बरणीत टाकेल.

अवयव कोरड्या टिश्यू पेपरवर ठेवू नका; पृष्ठभाग वाळतो आणि कडेला गडद लाल पट्टा येतो. सलाइनमध्ये ‘थोडा वेळ’ भिजत ठेवू नका. चिमट्याने अवयवाचा गाभा पकडू नका, कडेची चरबी किंवा रक्तवाहिनी धरा. चिमट्याने दबलेल्या जागी केंद्रके लांबट, काळी, ओढल्यासारखी दिसतात.

अवयवागणिक काही खास गोष्टी:

यकृत: रोज त्याच खंडाचा, त्याच दिशेने ३-४ मिमीचा काप घ्या. उजवा घेतला तर नेहमी उजवाच.

आतडे: आतले सिरिंजने फॉर्मलिन सोडून हळू धुवा, मग लांबीत उघडून स्विस रोल (गुंडाळी) करा किंवा आडवे तुकडे घ्या. न धुतलेल्या आतड्यातले खाद्यकण पुढे ब्लेड खराब करतात.

फुप्फुस: श्वासनलिकेतून फॉर्मलिन भरून फुगवा. द्रावणाचा स्तंभ फुप्फुसापेक्षा २०-२५ सेमी उंच ठेवून गुरुत्वाने भरू द्या. सिरिंजने जोर लावला तर वायुकोश फाटतात आणि एम्फिसीमा झाल्यासारखे चित्र उभे राहते. न फुगवलेले फुप्फुस आक्रसते आणि न्यूमोनिया भासतो.

वृषण: साध्या फॉर्मलिनमध्ये शुक्रनलिका आक्रसतात. मॉडिफाइड डेव्हिडसन वापरा: ३७ टक्के फॉर्मल्डिहाइड ३० मिली, इथेनॉल १५ मिली, ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्ल ५ मिली, पाणी ५० मिली. अख्खे वृषण २४ तास त्यात ठेवा, मग कापा आणि फॉर्मलिनमध्ये हलवा. ताजे कापले तर आतले बाहेर येते. जुने बुआं द्रावणही छान काम करते, पण त्यातले पिक्रिक आम्ल सुकले की स्फोटक होते. बाटलीच्या झाकणाला पिवळे सुके स्फटिक दिसले तर हात न लावता सुरक्षा अधिकाऱ्याला कळवा.

मेंदू: आधी सलाइन, मग चार टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, असे हृदयातून परफ्युजन करा. ताजा मेंदू कवटीतून ओढून काढला की चेतापेशी गडद, आक्रसलेल्या, नागमोडी दिसतात. त्यांना मृत पेशी म्हणून मोजणे ही जुनी आणि आजही होणारी चूक आहे.

चरबी: यकृतातली चरबी ऑइल रेड ओने दाखवायची असेल तर पॅराफिन विसरा. झायलीन ती विरघळवून टाकते. एक तुकडा नेक्रॉप्सीच्या वेळीच क्रायोस्टॅटसाठी, म्हणजे गोठवलेली ऊती कापणाऱ्या यंत्रासाठी, बाजूला काढा. हे दुसऱ्या दिवशी आठवून उपयोग नसतो.

५. नमुने इकडून तिकडे नेताना

प्राणी एका संस्थेत आणि हिस्टॉलॉजी दुसऱ्या संस्थेत, ही इथली नेहमीची सोय. ताजी ऊती बर्फावर ठेवून ठाण्याहून खारघरला आणू नका. जिथे काढली तिथेच फॉर्मलिनमध्ये टाका आणि पूर्ण फिक्स झाल्यावर हलवा. झाकणाला पॅराफिल्म, बरणी पिशवीत, पिशवी घट्ट डब्यात, भोवती शोषक कागद, डब्यावर आतल्या द्रावणाचे नाव. फॉर्मलिन किंवा अल्कोहोलच्या बरण्या घेऊन लोकलमध्ये चढू नका. गर्दीच्या डब्यात एक झाकण निघाले तरी पंचवीस जणांचे डोळे चुरचुरतील. संस्थेची गाडी मागा.

तयार पॅराफिन ब्लॉक मात्र लोकलने आरामात नेता येतात. त्यांची भीती उन्हाची. एप्रिल-मेमध्ये बंद उभ्या गाडीत ठेवलेले ब्लॉक मऊ होऊन एकमेकांना चिकटतात.

६. ग्रॉसिंग आणि हाडे

ग्रॉसिंग म्हणजे फिक्स झालेला अवयव कॅसेटच्या मापाला कापणे. काप नव्या ब्लेडने, एकाच ओढीत नीट करा. कॅसेटचे झाकण त्यावर दबता कामा नये. दबले तर काप जाड आहे.

हाड असेल तर ते पूर्ण फिक्स झाल्यावरच कॅल्शियम काढा. इम्युनोसाठी १० टक्के ईडीटीए, पीएच ७.२ ते ७.४, हाडाच्या २० पट, दोन-तीन दिवसांनी बदलत. माऊसच्या मांडीच्या हाडाला साधारण दोन आठवडे, रॅटच्या हाडाला आणखी जास्त. घाई असेल आणि फक्त एच अँड ई करायचे असेल तर ५ ते १० टक्के फॉर्मिक आम्ल. नायट्रिक आम्ल वेगवान आहे, पण थोडा उशीर झाला तरी केंद्रकांचा रंग कायमचा जातो, म्हणून नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

७. प्रोसेसिंग

रॅटच्या तीन मिमी कापांसाठी चालणारा क्रम: ७० टक्के, ८० टक्के आणि ९५ टक्के अल्कोहोल प्रत्येकी एक तास, अ‍ॅब्सोल्यूट तीन वेळा, एकेक तास, झायलीन दोनदा, एकेक तास, ६० ते ६२ अंशांचे पॅराफिन तीनदा, एकेक तास.

माऊसच्या ऊतीला हाच क्रम लावू नका. तिच्यासाठी प्रत्येक टप्पा ३० ते ४५ मिनिटांचा ठेवा. रुग्णालयाच्या प्रोसेसरवर माणसाच्या मोठ्या तुकड्यांसोबत रात्रभर फिरलेले माऊसचे यकृत विटेसारखे कडक होते, ब्लेडखाली भुगा होतो आणि सेक्शनवर (ब्लॉकमधून काढलेल्या पातळ कापावर) समांतर बारीक भेगा दिसतात. रुग्णालयाचे यंत्र वापरायला मिळत असेल तर छोटा प्रोग्रॅम स्वतंत्र लावायची विनंती करा. ती मान्य झाली नाही तर हाताने बरण्यांत करा. माऊससाठी ते उलट बरे पडते.

पावसाळ्यातला त्रास वेगळा. खाडीकाठच्या दमट हवेत अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोल उघडे राहिले की पाणी ओढते. शेवटच्या अल्कोहोलमध्ये पाणी उरले तर झायलीन दुधाळ होते, पॅराफिन आत शिरत नाही आणि ब्लॉकमधली ऊती मऊ, खोल गेलेली दिसते. जून ते सप्टेंबर अ‍ॅब्सोल्यूट नेहमीपेक्षा लवकर बदला आणि बाटल्या झाकून ठेवा. वीज जाण्याची शक्यता असेल तर प्रोसेसरला यूपीएस आहे का ते आधी पाहा. पॅराफिनच्या टप्प्यावर वीज गेली तर ते थिजून नमुने अडकतात, मग हळूहळू वितळवून पुन्हा ताज्या पॅराफिनमधून काढावे लागतात.

८. एम्बेडिंग

एम्बेडिंग म्हणजे ऊती साच्यात वितळलेल्या पॅराफिनमध्ये बसवून ब्लॉक करणे. दिशा पक्की करा: आतडे आणि रक्तवाहिनी उभी, म्हणजे आडवा छेद मिळेल, त्वचा काठावर, मूत्रपिंडात कॉर्टेक्स, मेड्युला आणि पॅपिला तिन्ही एका छेदात. चिमटा कोमट ठेवा. गार चिमट्याला पॅराफिन थिजते आणि ऊतीभोवती पोकळी राहते.

९. कापणे

मायक्रोटोमवर, म्हणजे ब्लॉकचे अतिपातळ काप काढणाऱ्या यंत्रावर, हात बसायला वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो. सुरुवातीला ब्लॉक १५ मायक्रॉनने ट्रिम करून ऊतीचा पूर्ण चेहरा उघडा. मग ब्लॉक बर्फाच्या ट्रेवर चेहरा खाली ठेवून दहा-पंधरा मिनिटे गार करा. नवी ब्लेड किंवा ब्लेडचा नवा भाग घ्या आणि ४ मायक्रॉनवर या. मूत्रपिंडाच्या ग्लोमेरुलससाठी २ ते ३, सामान्य अवयवांना ४ ते ५. ब्लेडचा क्लिअरन्स कोन ३ ते ५ अंश. चाक संथ आणि एकसारखे फिरवा. चाक लॉक केल्याशिवाय ब्लेडजवळ बोट नेऊ नका.

काय बिघडते आणि का:

रिबनवर (एकमेकांना जोडून येणाऱ्या सेक्शनच्या पट्टीवर) उभी चीर येते. ब्लेडला खाच आहे किंवा ऊतीत कॅल्शियम, केस किंवा खाद्यकण आहे. ब्लेड बाजूला सरकवा. चीर जागा बदलली तर दोष ब्लेडचा. ब्लॉकवर त्याच जागी राहिली तर ऊतीचा.

एक सेक्शन जाड, एक पातळ येतो. ब्लॉक किंवा ब्लेडचा स्क्रू सैल आहे, कोन कमी आहे, किंवा ब्लॉक फार कडक आहे. स्क्रू आधी तपासा.

सेक्शन चुरगळून आखूड होतात. ब्लॉक कोमट झाला आहे किंवा ब्लेड बोथट आहे. उन्हाळ्यात दुपारी एसीशिवाय कापायला बसू नका. सकाळची वेळ घ्या.

ब्लॉकला तडा जातो. वेळ वाचवायला तो उणे वीसच्या फ्रीझरमध्ये टाकलेला असतो. बर्फच पुरे.

पाण्याची कढई पॅराफिनच्या वितळबिंदूपेक्षा १० ते १५ अंश कमी ठेवा. ५८-६०च्या पॅराफिनसाठी सुमारे ४५ ते ४८. फार गरम पाण्यात पेशी एकमेकींपासून सुटतात, गारात सुरकुत्या राहतात. प्रत्येक ब्लॉकनंतर पाण्याचा पृष्ठभाग टिश्यू पेपरने ओढून साफ करा. हे न केल्यामुळे एका प्राण्याचा कण दुसऱ्याच्या स्लाइडवर बसतो, आणि नियंत्रण गटाच्या फुप्फुसात ‘ट्यूमरची गाठ’ सापडू शकते.

स्लाइड उभ्या करून निथळू द्या, मग ६० अंशांवर एक तास किंवा ३७ अंशांवर रात्रभर ठेवा. पावसाळ्यात रॅकवर हवेवर सुकवलेली स्लाइड वरून सुकी दिसते, पण सेक्शनखाली पाणी राहते आणि अँटिजेन रिट्रिव्हलच्या, म्हणजे इम्युनोआधी प्रतिजने उघडी करण्याच्या, गरम बफरमध्ये सेक्शन तरंगून जातो. इम्युनोसाठी पॉली-एल-लायसिन किंवा सायलेनचा लेप दिलेल्याच स्लाइड घ्या.

१०. एच अँड ई

हॅरिस हेमॅटॉक्सिलिन तयार विकत घ्या. जुन्या वह्यांतल्या कृतीत मर्क्युरिक ऑक्साइड असते. पाऱ्याची विल्हेवाट ही वेगळीच डोकेदुखी आहे. वापरण्याआधी रोज गाळून घ्या.

झायलीन ५ मिनिटे दोनदा; अ‍ॅब्सोल्यूट २ मिनिटे दोनदा; ९५ आणि ७० टक्के अल्कोहोल, प्रत्येकी २ मिनिटे; पाणी; हेमॅटॉक्सिलिन ५ मिनिटे; पाणी; आम्ल अल्कोहोल, म्हणजे ७० टक्के अल्कोहोलमध्ये एक टक्का हायड्रोक्लोरिक आम्ल, दोन-तीन बुडक्या; पाणी; ब्लूइंग, म्हणजे केंद्रके निळी करणे; पाणी; ९५ टक्के अल्कोहोल एक बुडकी; एक टक्का इओसिन एक मिनिट; ९५ टक्के, मग अ‍ॅब्सोल्यूट तीनदा; झायलीन तीनदा; डीपीएक्स आणि कव्हरस्लिप.

ब्लूइंगला नळाचे पाणी चालते की नाही हे त्याच्या अल्कलीपणावर ठरते. केंद्रके जांभळट-लालच राहिली तर स्कॉटचे द्रावण करा: एक लिटर पाण्यात सोडियम बायकार्बोनेट ३.५ ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट २० ग्रॅम. एक-दोन मिनिटे पुरतात. मग नीट धुवा, नाहीतर इओसिन धरत नाही. इओसिन फिका येत असेल तर १०० मिलीत अर्धा मिली ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्ल घाला.

शेवटच्या झायलीनमध्ये स्लाइड ढगाळ दिसली तर तशीच माउंट करू नका. अ‍ॅब्सोल्यूटमध्ये मागे जा, ते ताजे घ्या, आणि पुन्हा या.

चांगल्या इओसिनमध्ये गुलाबीच्या तीन छटा वेगळ्या दिसतात: लाल रक्तपेशी सर्वांत भडक, स्नायू मधला, कोलॅजन फिका. तिन्ही सारख्या दिसत असतील तर ९५ टक्के अल्कोहोलमधला वेळ वाढवा. प्रत्येक तुकडीबरोबर एक ओळखीची स्लाइड, मूत्रपिंडाची किंवा आतड्याची, चालवा.

सर्वांत महत्त्वाचे: एका दिवशी सगळे नियंत्रण गट आणि दुसऱ्या दिवशी सगळे औषध गट, असे कधीच करू नका. रंगातला दिवसाचा फरक औषधाचा परिणाम म्हणून मोजला जाईल. प्रत्येक तुकडीत सगळ्या गटांचे प्राणी मिसळा. नेक्रॉप्सीलाही हेच.

माऊसच्या ऊतीवर माऊसमध्येच तयार केलेले प्राथमिक प्रतिपिंड लावले की दुय्यम प्रतिपिंड ऊतीतल्या स्वतःच्या इम्युनोग्लोब्युलिनलाही चिकटते आणि सगळी स्लाइड तपकिरी होते. सशातले प्रतिपिंड निवडा किंवा त्यासाठीचा खास ब्लॉकिंग संच वापरा.

११. वाचणे: माऊस म्हणजे छोटा माणूस नव्हे

आधी ४ पट भिंगाखाली संपूर्ण सेक्शन पाहा. थेट ४०वर जाणारा माणूस तपशील पाहतो आणि रचना हुकवतो. माणसाची पॅथॉलॉजी शिकून आलेल्यांना पुढच्या नेहमीच्या गोष्टी रोग वाटतात:

- माऊसच्या प्लीहेत मेगाकॅरिओसाइट (प्लेटलेट बनवणाऱ्या मोठ्या पेशी) आणि रक्तनिर्मिती चालू असते. मोठ्या वयातही ते नेहमीचेच.
- रॅटला पित्ताशय नसते, माऊसला असते.
- दोघांच्या जठराचा पुढचा भाग स्तरित पट्टकी आवरणाचा असतो आणि त्याच्या सीमेवर स्पष्ट कडा असते. तो मेटाप्लेसिया (एका प्रकारच्या आवरणाचा दुसऱ्यात झालेला बदल) नाही.
- नर माऊसमध्ये बोमनच्या आवरणाच्या पेशी घनाकार असतात.
- माऊसच्या यकृतपेशींची केंद्रके लहान-मोठी असतात, कधी दोन असतात. हे बहुगुणिततेमुळे (गुणसूत्रांच्या जादा संचांमुळे) होते, कर्करोगामुळे नाही.
- न उपाशी ठेवलेल्या प्राण्याच्या यकृतात ग्लायकोजेनमुळे पेशी फिकट, फाटक्या कडांच्या दिसतात. चरबीचे थेंब मात्र गोल आणि रेखीव कडांचे. गोंधळ झाला तर पीएएस (ग्लायकोजेन दाखवणारा रंग) करा, ग्लायकोजेन पचवणाऱ्या डायास्टेज विकरासह आणि त्याशिवाय.

शेवटच्या मुद्द्यामागे एक कारण आहे. उंदीर रात्री खातात, म्हणून सकाळी यकृतात ग्लायकोजेन भरपूर आणि संध्याकाळी कमी असते. एक गट सकाळी आणि दुसरा चार वाजता उघडला तर तुम्हाला ‘औषधाने ग्लायकोजेन घटले’ असा सुंदर, खोटा निकाल मिळतो.

मृत्यूची पद्धतही खुणा सोडते. कार्बन डायऑक्साइडनंतर फुप्फुसात रक्त साचलेले आणि थोडे रक्तस्राव दिसतात. मान मोडल्यावर थायरॉइडभोवती रक्त दिसते. नियंत्रण गटात तेच असेल तर ती दखल घेण्याची गोष्ट नाही.

गुण देताना स्लाइडवरचा प्राणी क्रमांक झाकून कोड लावा आणि कोड दुसऱ्या कुणाकडे ठेवा. बदलांना नावे देताना इनहँडची, म्हणजे प्राण्यांच्या ऊतीबदलांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाची, प्रमाणित संज्ञावली वापरा, म्हणजे ‘बराच बिघाड’ असले शब्द टळतील. संख्याशास्त्रात एकक प्राणी आहे. एका रॅटची दहा क्षेत्रे मोजली म्हणजे दहा नमुने झाले, असे धरून काढलेले पी-मूल्य निरर्थक असते. दहांची सरासरी काढा आणि ती एका प्राण्याची एक संख्या म्हणून मांडा.

पहिले दोन-तीन अभ्यास पशुवैद्यकीय पॅथॉलॉजिस्टबरोबर बसून वाचा. त्यांचा एक तास तुमचे तीन महिने वाचवतो.

१२. उरलेले सामान

ऊती आणि प्राण्यांचे शव पिवळ्या पिशवीत, ब्लेड आणि सुया पांढऱ्या, टोचणार नाही अशा डब्यात, फुटकी काच निळ्या खोक्यात: २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे. वापरलेले फॉर्मलिन आणि झायलीन सिंकमध्ये ओतायचे नाही. वेगवेगळ्या लेबल लावलेल्या कॅनमध्ये साठवा आणि संस्थेच्या अधिकृत मार्गाने पाठवा. झायलीन ज्वालाग्राही आहे, त्याचा कॅन ओव्हन किंवा एम्बेडिंग यंत्राशेजारी ठेवू नका.

कापून झालेल्या ब्लॉकचा चेहरा वितळलेल्या पॅराफिनच्या पातळ थराने बंद करा. उघडा राहिला तर ऊती आक्रसते आणि इम्युनोची ताकद कमी होते. ब्लॉक थंड, कोरड्या कपाटात, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, कारण झुरळे आणि घुशी पॅराफिन कुरतडतात. डब्याच्या झाकणावर आयएईसीचा प्रस्ताव क्रमांक, प्राण्यांचे क्रमांक, अवयव आणि फिक्सेटिव्हचे नाव लिहा. फिक्सेटिव्हचे नाव हमखास राहून जाते आणि दोन वर्षांनी इम्युनो करायचे ठरले की पहिला प्रश्न तोच असतो. सूक्ष्मदर्शक पावसाळ्यात सिलिका जेल ठेवलेल्या बंद कपाटात ठेवा, जेल गुलाबी किंवा फिके झाले की ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरा. भिंगावर एकदा बुरशीचे जाळे धरले तर काच घासून निघत नाही, ऑब्जेक्टिव्ह बदलावे लागते.